चौकोनाची डावी बाजू

आपला नवरा वारला ही बातमी उर्सुला थर्लबीला गेडनीच्या पुस्तकांच्या दुकानाच्या काचेतून कळली, आणि ती खोटी आहे हेही तिला त्याच क्षणी ठाऊक होते. मार्चमधली सकाळ होती. कोळशाच्या धुराने आकाश पिवळट झाले होते. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या अर्धवट बांधलेल्या भिंतींभोवती परांच्या उभ्या होत्या आणि दगड तासण्याचा आवाज सगळ्या आवारात भरून राहिला होता. या आवारातून ती आठवड्यात दोन-तीनदा जाई; काचेत काय नवे लागले आहे ते बघायची तिला सवय होती. आज काचेमागच्या दोरीवर लाकडी चिमट्यांनी छापील चित्रे लावलेली होती: एक बिशप होता, घोड्यावर बसलेला एक सेनापती होता, दरबारातल्या दोन सुंदऱ्या होत्या. दोघींचे डोळे सारखेच झोपाळलेले, दोघींचा झगा एकाच खांद्यावरून घसरलेला. आणि त्यांच्या शेजारी ती स्वतः होती. यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते. तिचे पुस्तक ईस्टरला निघणार होते, पहिल्या पानासमोर तिचे चित्र घालायचे ठरले होते, आणि त्याचे काही सुटे छाप काचेत लावीन असे गेडनी बोलला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेला तो चेहरा तिने शांतपणे पाहिला. पन्नाशीकडे झुकलेली बाई. लांब नाक, मिटलेले ओठ, डोक्यावर काळे शिरोवस्त्र आणि त्याचे कपाळावर उतरलेले टोक. चांगला होता. लंबगोल चौकटीखाली तिचे नाव होते, तेही बिनचूक होते. नावाखाली घराण्यांची चिन्हे होती. ती ढालीत हवी होती. ती ढालीत नव्हती. ती टोकावर उभ्या केलेल्या एका चौकोनात होती, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. चौकोनाच्या डाव्या अर्ध्या भागात थर्लबींचे रानडुकराचे मुंडके, उजव्या अर्ध्या भागात तिच्या वडिलांचे, टॅन्सलींचे, तीन बगळे. या शहरातल्या कुठल्याही बऱ्या घरातल्या मुलीला हे वाचता येते. संसार करणाऱ्या बाईची चिन्हे नवऱ्याच्या ढालीत बसतात. लग्न न झालेलीला चौकोन मिळतो, त्यात एकट्या बापाचे चिन्ह. आणि चौकोन असून त्यात नवरा आणि बाप दोघेही असले, तर ती विधवा.

ती काचेसमोर उभी राहिली. आपल्याला संताप यायला हवा, निदान भीती तरी वाटायला हवी, असे तिच्या मनात आले, आणि ती त्याची वाट बघत राहिली. आले ते भलतेच. खांद्यांवरून काहीतरी उतरले. लांबच्या प्रवासानंतर गाडीतून खाली उतरल्यावर जमीन हलत नाही याचेच नवल वाटते, तसे काहीसे. तिने श्वास आत घेतला आणि तो पोटापर्यंत गेला. तिचा नवरा, जर्वेस थर्लबी, गेला होता. लिंकनशरच्या पाणथळीत, त्या विटांच्या घरात, शेकोटीजवळच्या त्याच्या खुर्चीत कोणी नव्हते. कुत्री अंगणात पडून होती. कोणी कोणाला हाक मारत नव्हते. हे सगळे तिला इतके स्पष्ट दिसले की तिला स्वतःचीच शरम वाटली, पण ती शरमही हलकी होती, कोणा दुसऱ्या बाईबद्दल वाटावी तशी. तेवढ्यात तिच्या कोपराला कोणीतरी हात लावला. पाद्री केटलबींची बायको होती ती, गुबगुबीत, सदा सर्दी झालेली, चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसणारी. मिसेस केटलबीने एकदा काचेकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आम्हाला काहीच कळलं नव्हतं हो. तुम्ही पण ना, बोलला नाहीत. देव त्यांना शांती देवो." उर्सुला म्हणाली, "आभारी आहे."

ते दोनच शब्द तिच्याबरोबर दुकानात शिरले. ती खोटे बोलली नव्हती, कोणीतरी पुढे केलेली वस्तू फक्त घेतली होती, आणि आता ती हातात होती. गेडनी फडताळाशी उभा राहून सफरचंद कापत होता. बारीक अंगाचा, बोलताना भुवया वर ठेवणारा हा माणूस तिचे लिखाण छापायला तयार झाला होता, कारण त्याच्या बायकोने ते वाचून दोन दिवस त्याच्याशी बोलणे टाकले होते. ज्या लिखाणाने इतके होते त्यात काहीतरी असणार, असा त्याचा हिशोब होता. पुस्तकाचा विषय साधा होता. एकट्या राहणाऱ्या बाईने दिवस कसा उभा करावा, सकाळी कोणासाठी उठावे, जेवताना ताटासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे कसे बघावे. चूक झाली आहे, असे तिने सांगितले तेव्हा गेडनीने सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि ती सावकाश संपवली. मग म्हणाला की चूक त्यालाही काल दिसली, पण चूक कधीकधी माणसापेक्षा शहाणी असते. कोरणाऱ्याला तिने घराण्याचा शिक्का दिला होता, त्यात ढाल होती, त्याने चौकोन केला. का केला ते त्यालाच विचारावे. पण बाईसाहेबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकट्या राहण्यावर विधवेने लिहिले तर आया ते मुलींना वाचायला देतात. "नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचं पुस्तक," गेडनी म्हणाला, "लोक वाचतात, बाईसाहेब. विकत घेत नाहीत. एकमेकांकडून नेतात, उशीखाली ठेवतात, आणि माझ्या दुकानाच्या काचेवर दगड मारतात." ती म्हणाली, तिने कोणाला सोडलेले नाही, ती फक्त इथे राहते. गेडनीच्या भुवया आणखी थोड्या वर गेल्या. "तेच म्हणतो मी. चौकोन राहू द्या."

लडगेट हिलच्या उतारावरून ती खाली निघाली. सगळे शहर काळ्यात होते. नाताळात राणी देवीच्या रोगाने वारली, तेव्हापासून कापडवाल्यांकडे काळे कापड उरले नव्हते. वकील, कोळी, नटव्या पोरी, गाडीवान, ज्याला जे मिळाले ते त्याने काळे करून घातले होते, आणि नव्या रंगाला अजून आंबल्यासारखा वास येत होता. जानेवारीत ती कोरणाऱ्यापुढे बसली तेव्हा तिच्याकडेही काळे काही नव्हते. घरमालकीण विधवा होती, तिने आपले शिरोवस्त्र दिले, टोकाचे. त्या टोकाला अर्थ असतो हे उर्सुलाला ठाऊक होते, पण सगळे शहर उसन्या दुःखात हिंडत असताना एका टोकाकडे कोण बघणार होते? आता तिला आठवले की आरशासमोर ते बांधताना तिने जरूरीपेक्षा जास्त वेळ घेतला होता. टोक कपाळावर नीट उतरवले होते, एकदा सोडून पुन्हा उतरवले होते. मग चूक कोणाची? तिने हा प्रश्न स्वतःला नीट विचारला. एका हमालाने तिला बाजूला व्हायला सांगितले. ती झाली.

जर्वेस वाईट माणूस नव्हता. हे ती कोणालाही सांगायला तयार असे, आणि म्हणूनच तिचे म्हणणे कोणाला पटत नसे. त्याने तिच्यावर हात उचलला नाही, बाई ठेवली नाही, तो जेवणाआधी प्रार्थना म्हणत असे आणि तिच्या आईच्या अंत्यविधीला गुडघाभर चिखलातून चालला होता. फक्त तो तिच्या वतीने बोलत असे. पाहुण्याने तिला विचारले की कोकराचे मांस आणखी हवे का, तर जर्वेस म्हणे, तिचे झाले. बगीचा आवडला का, तर जर्वेस म्हणे, तिला फार आवडला. त्यात दुष्टपणा नव्हता. आपल्या घराला किती खिडक्या आहेत हे जसे त्याला ठाऊक होते, तसेच तिला काय वाटते हेही. लग्नाच्या वर्षी त्याने नवी गाडी करून घेतली आणि दारावर दोघांची चिन्हे रंगवायला माणूस बोलावला. डुकराचे मुंडके ऐसपैस बसले. बगळ्यांना जागा पुरेना. रंगाऱ्याने दोन काढले आणि तिसऱ्याची नुसती चोच कडेला काढून ठेवली, जणू तो दाराआडून डोकावतो आहे. जर्वेस पोट धरून हसला होता. "दोन पुरे आहेत, काय गं? उर्सुला म्हणते दोन पुरे आहेत." तीही हसली होती. वाईट हेच होते की तिला खरेच हसू आले होते. आणि मग ती हिवाळ्यातली सकाळ, चर्चमध्ये, ती आठवावी लागत नसे, ती हाडांत होती. पाणी गोठले होते, खिडक्यांच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी आली होती. म्हाताऱ्या पाद्र्याने जाताना थांबून तिला विचारले, बाई, तुम्हाला थंडी वाजते आहे का, आणि जर्वेस म्हणाला, "छे, तिला नाही वाजत." आणि थंडी वाजायची थांबली. हाच तो प्रसंग. पायाची बोटे बधिर होती, दात एकमेकांवर आपटत होते, आणि तो बोलल्याबरोबर आत काहीतरी आज्ञाधारकपणे विझले, आणि खरोखर तिला थंडी वाजेनाशी झाली. घरी परतल्यावर मोजे काढले तर दोन बोटे काळीनिळी होती. ती त्यांच्याकडे बघत बसली. त्यानंतरच्या वसंतात ती मावशीला भेटायला म्हणून लंडनला आली. मावशी वारली, तिने जागा बदलली. परत जायचे नाही असे तिने कधी ठरवले नाही. फक्त रोज सकाळी थंडी वाजते आहे की नाही हे ती आधी स्वतःला विचारी, आणि उत्तराची वाट बघे. पहिली कितीतरी वर्षे उत्तर उशिरा येई.

दुपारी ॲम्ब्रोज आला. ॲम्ब्रोज थर्लबी जर्वेसचा धाकटा भाऊ, टेंपल या वकिलांच्या वस्तीत वकिली करणारा, लठ्ठ, आनंदी, सगळ्या घराण्यात तिला मनापासून आवडणारा एकटाच. मिठाईची पुडी घेतल्याशिवाय तो कधी येत नसे. आजही पुडी होती. त्याने ती टेबलावर ठेवली, केसांचा टोप काढून गुडघ्यावर ठेवला, डोके खाजवले आणि चेहरा लांब करून म्हणाला, "वहिनी, दादा गेला हे मला आज दुकानाच्या काचेत कळलं. कालच त्याचं पत्र आलं होतं. मेलेल्या माणसाच्या मानानं अक्षर फार चांगलं आहे."

ती म्हणाली, "कोरणाऱ्याची चूक आहे, भावजी."

"असणारच. तुमची कशी असेल?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. त्याने एक बदाम उचलला, तो मिठाईत परत ठेवला. मग तो बराच वेळ बोलला, आणि सगळे बोलणे समजूतदारपणाचे होते. आजवर दादा गप्प राहिला, कारण लोकांना सांगायला काहीतरी होते. पाणथळीची हवा वहिनींना मानवत नाही, छाती धरते, डॉक्टरांनी लंडन सांगितले आहे. निम्म्या जिल्ह्याला यातले खरे ठाऊक होते आणि निम्मा जिल्हा विश्वास ठेवत होता, आणि त्यावर घर चालते. पण हा छाप लिंकनला पोचायला किती वेळ लागणार? लोक दादाकडे बघून हसतील. शेजारच्या बायका त्याच्यासाठी नवी स्थळे शोधायला लागतील. "चेष्टा करत नाही मी," ॲम्ब्रोज म्हणाला, आणि आता तो खरेच करत नव्हता. "बाहेर राहणारी बायको पुरुष खपवून घेतो. आपल्याला पुरून टाकणारी नाही खपवून घेत. तो गाडी पाठवेल, दोन माणसं पाठवेल, आणि तुम्हाला घेऊन जाईल. त्याला कुठलाही न्यायाधीश काही म्हणणार नाही, हे मी दीर म्हणून नाही, वकील म्हणून सांगतो. आणि पुस्तक? बायकोचं पुस्तक म्हणजे नवऱ्याचं पुस्तक. शेकोटीत घालायचं म्हटलं तर कोण अडवणार आहे त्याला?"

खाली रस्त्यावर कोणीतरी शिंपले विकत होते. ॲम्ब्रोज पुढे वाकला. उपाय सोपा होता. चौकोनाची ढाल करायची. दोन्ही चिन्हे ढालीत आली की ती पुन्हा जर्वेस थर्लबीची पत्नी, पुस्तकासकट; मग तो स्वतः दादाला लिहील की वहिनींनी पुस्तकात आपले घराणे कसे मिरवले आहे, आणि दादा खूश होऊन आणखी दहा वर्षे गप्प बसेल. गुरुवारचे टपाल जाण्याआधी एवढे व्हावे. "तुम्हाला काय हवंय ते मला कळतं, वहिनी. तुम्हाला शांतपणे राहायचंय. मी दादाला हेच सांगत असतो, की वहिनींना बाकी काही नको."

"मी उद्या कोरणाऱ्याकडे जाते," ती म्हणाली. ॲम्ब्रोजने तिचा हात थोपटला, टोप चढवला, आणि जिन्यावरून उतरताना त्याचे शीळ घालणे तिला ऐकू आले. त्याने चांगलेच केले होते. त्याने सगळे चांगलेच केले होते, आणि तिला काय हवे आहे तेही तोच सांगून गेला होता. मिठाईच्या पुडीतला तो उचलून परत ठेवलेला बदाम बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसत होता. तिने तो शोधून खाल्ला.

कोरणारा, रुलांट, डच होता. ब्लॅकफ्रायर्समध्ये नदीकडे तोंड असलेल्या एका माळ्यावर तो राही, आणि उजेड मऊ व्हावा म्हणून खिडकीला तेलाचा कागद लावलेली चौकट अडकवून ठेवी. त्यामुळे तिथे कुठलाही दिवस सारखाच दिसे. चूक ऐकून त्याने आधी नाकारली, मग शिक्का शोधला, मग खाली बसला. बाईसाहेब काळ्यात आल्या होत्या. ती म्हणाली, अख्खे लंडन काळ्यात होते. रुलांट म्हणाला, लंडन त्याच्यापुढे येऊन बसत नाही. त्याच्यापुढे कपाळावर टोक असलेली एक बाई बसली. शिक्क्यातली ढाल नवरा जिवंत असतानाची असणार असे त्याने धरले, आणि आपण होऊन चौकोन केला. उपकार म्हणून केला, कारण ढाल सोपी असते, चौकोनात डुकराचे कान बसवताना जीव जातो. शिवाय चेहरा. "चेहऱ्याचं काय?" तिने विचारले. तो चाचरला. त्याने या देशातल्या पुष्कळ बायका कोरल्या होत्या, सरदारांच्या, पाद्र्यांच्या, व्यापाऱ्यांच्या. "संसारातली बाई समोर बसली ना, की तिचे कान जागे असतात. आतल्या खोलीतून कोणी हाक मारेल, म्हणून. मला मानेत दिसतं ते. तुमची मान तशी नव्हती. मी म्हटलं, यांचे गेले." मग घाईने म्हणाला की मानेपेक्षा कॉलरची जाळी बघावी, तशी जाळी कोरणारा अख्ख्या शहरात दुसरा नाही.

त्याने पत्रा आणून वाळूच्या चामडी उशीवर ठेवला. तांबे उजेडात गुलाबी दिसत होते. पत्र्यावर सगळे उलटे असते. नाव उजवीकडून डावीकडे पळत होते, डुक्कर उजव्या बाजूला गेले होते, बगळे डावीकडे. पण चेहरा पाहून ती थबकली. काचेतल्या छापात होती ती बाई तिला चांगली वाटली होती, परकी वाटली होती. पत्र्यावरची ही ओळखीची होती. आरशात रोज दिसणारी ती हीच, भांगाची बाजू तीच, ओठाचा उतरलेला कोपरा त्याच बाजूचा. म्हणजे जगाला दिसते ती एक, आणि आपल्याला आयुष्यभर दिसत आली ती दुसरी, आणि दोन्ही एकाच तांब्यात. रुलांट समजावत होता. ढाल करायची तर चौकोन सगळा खरवडायचा, पत्रा उलटा करून मागून हातोडीने ठोकायचा म्हणजे खड्डा वर येतो, घोटणीने घासून आरशासारखा करायचा, आणि नव्याने कोरायचे. उद्या संध्याकाळी मिळेल. किंवा बाईसाहेबांना घाई असेल तर नुसते डुक्कर काढून तीन बगळेच मोठे करून चौकोनभर बसवता येतील, बाहेरची रेघ तशीच राहील. "मग मी कोण होईन?" तिने विचारले. रुलांट हसला. "मग तुमचं लग्नच झालं नाही."

तो पर्याय तिने खरोखरच मनात धरून पाहिला. तीन बगळे, पूर्ण, एकही दाराआड नाही. वडिलांच्या घरचे ओढ्याकाठचे वेताचे बन, पायांत चिखल. पण ती मुलगी राहिलेली नव्हती. पायाच्या दोन बोटांना अजून थंडीत कळ येई. गाडीच्या दारावर हसलेली बाई तीच होती. तिला पुसून टाकणे म्हणजे पुन्हा एकदा कोणाच्या तरी वतीने बोलणे झाले असते. विधवा म्हणवून घेतले तर जर्वेसला मारावे लागत होते, आणि तो जिवंत होता, कदाचित या क्षणी कुत्र्याला भाकरी घालत असेल. बायको म्हणवून घेतले तर तिला मरावे लागत होते. कुमारी म्हटले तर मधली सगळी वर्षे. तिघीही कोणीतरी पुढे केलेल्या होत्या, आणि तिने हात पुढे करायचा, एवढेच. काल आवारात तिने तो केलाही होता. आभारी आहे. तिच्या कानात ते शब्द अजून ओले होते.

"डुक्कर काढा," ती म्हणाली, "आणि बगळ्यांना हात लावू नका. ते आहेत तेवढेच राहू देत, त्यांच्या अर्ध्या भागात."

"आणि या अर्ध्यात काय कोरायचं?"

"काही नाही."

रुलांटने तिच्याकडे पाहिले. रिकामी बाजू अशी नसते, तो म्हणाला. चौकोन तरी कशाला मग? घराण्यांच्या चिन्हांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतले लोक विचारतील याचा अर्थ काय. लोक म्हणतील रुलांट दारू प्यायला आणि काम अर्धे टाकून झोपला. तिने विचारले, अर्थ काय होतो? त्याने पत्रा उजेडाकडे वळवून पाहिला. काहीच होत नाही, तो म्हणाला, असे कोणी कोरतच नाही. "मग कोरा," ती म्हणाली. त्याने मान हलवली, माझ्या नावाने नाही. खाली कडेला त्याचे नाव होते, डच वळणाचे, छोटे. तेव्हा तिने हातमोजे काढले, काळ्या कातड्याचे. रुलांटला आधी कळेना. तिने ते वाळूच्या उशीशेजारी ठेवले आणि खरवडणी मागितली. "तुमचं नाव आधी खरवडा हवं तर. बाकीचं मी करते." तो पुष्कळ बोलला, त्यातले निम्मे डचमध्ये होते. मग त्याने तेलाचा थेंब सोडला, कोपर कुठे टेकायचे ते दाखवले आणि एवढेच सांगितले, "पत्र्यावर उजवी बाजू. उजवी. डावीकडे तुमचे वडील आहेत."

खरवडणी लावली तेव्हा तांबे कुरकुरले. रानडुकराचे कान आधी गेले. मग आयाळ. तिला वाटले होते की यात काहीतरी सूड असेल, जिभेवर चव येईल, पण काम निव्वळ काम होते. मनगट दुखत होते, बारीक तांबडा कीस नखात जात होता, आणि रेघेच्या पलीकडे जाऊ नये म्हणून ती श्वास धरत होती. डोळा गेला तेव्हा ती क्षणभर थांबली. मग सुळा. सुळा खोल कोरलेला होता, रुलांटला त्याचा अभिमान असावा. तो निघता निघेना. खरवडून झाल्यावर तिने घोटणी घेतली आणि गोल गोल घासत राहिली, तांबे गरम झाले, चकाकायला लागले, त्यात खिडकीचा तेलकट उजेड आणि तिच्या बोटांची सावली दिसू लागली. रुलांट खांद्यावरून बघत होता. नाव खरवडायला तो उठला नव्हता. शेवटी म्हणाला, हे पूर्ण जाणार नाही. पहिल्या बऱ्याच छापांत सावली येईल, सुळ्याची तर येईलच. तांबे विसरायला वेळ घेते. "येऊ दे," उर्सुला म्हणाली. "होता तो."

गेडनीने नवा छाप उजेडात धरला आणि विचारले, हे अर्धे राहिले आहे का? ती म्हणाली, नाही, पूर्ण झाले आहे. त्याने तो जवळ नेला, लांब नेला. पुस्तकाचे तो काही कबूल करू शकत नव्हता. आधी आठवडाभर काचेत लावून बघू, म्हणाला, पुस्तक खपते की काच फुटते. पण जुने सगळे छाप त्याने तिच्यासमोर फाडले, हे तिने त्याच्या नावे जमा धरले. गुरुवारी ती आवारात आली तेव्हा काचेसमोर चार-पाच माणसे थांबलेली होती. बिशपकडे कोणी बघत नव्हते, झोपाळलेल्या सुंदऱ्यांकडेही नाही. चौकोनाचा उजवा अर्धा भाग बगळ्यांनी भरला होता, तिघेही होते. डावा अर्धा पांढरा होता, आणि नीट पाहिले तर त्यात एक करडी कोर दिसत होती, पुसलेल्या टेबलावर ओल्या पेल्याची राहते तशी. त्या माणसांत ॲम्ब्रोज होता. त्याच्या हातात पत्र होते, लाख लावलेले. आज त्याने चेष्टा केली नाही. तो एवढेच म्हणाला की ढाल ठरली होती. ती म्हणाली, कोरणाऱ्याकडे जायचे ठरले होते, ती गेली होती. "वहिनी, टपाल दुपारी निघतं," तो हळू म्हणाला, आणि तिला दिसले की तो घाबरला आहे, स्वतःसाठी नव्हे.

तेवढ्यात मिसेस केटलबी नाक पुसत आली. नदीवरून वारा सुटला होता, परांचीवरून दगडाची पूड उडत होती, दिवस चढला तरी हवेला धार होती. मिसेस केटलबीने काचेकडे पाहिले, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिले. मग तिने उर्सुलाकडे वळून, कीव आणि कुतूहल यांच्या मधल्या आवाजात म्हटले, "अहो, तुम्ही तर कापताय. थंडी वाजतेय का?"

"छे," ॲम्ब्रोज म्हणाला, सवयीने, भल्या मनाने, "वहिनींना नाही वाजत. लिंकनशरचं हाड आहे."

उर्सुला थांबली. तिने स्वतःला विचारले, रोज सकाळी विचारी तसे, आणि आज उत्तर विचारायच्या आधीच तिथे उभे होते, पायाच्या दोन बोटांत, मनगटात, दातांत. ते सगळे तिचे होते.

"वाजतेय," ती म्हणाली. "पुष्कळ वाजतेय. आणि मिसेस केटलबी, परवा मी तुमचे आभार मानले, ते परत घेते. माझा नवरा जिवंत आहे. मी त्याच्याकडे राहत नाही." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, काचेसमोरची माणसे वळली, दगड तासणारा एक जण हात थांबवून खाली बघू लागला. मिसेस केटलबीचा रुमाल नाकाशीच राहिला. कोणीतरी काही बोलावे अशी वाट तिने पाहिली नाही. ती दुकानात गेली, गेडनीकडून एक छाप मागून घेतला, त्याची नीट घडी केली, घडी चौकोनावरून जाणार नाही अशी, आणि बाहेर येऊन ती ॲम्ब्रोजच्या हातात दिली.

"भावजी, तुमच्या पत्राबरोबर हे घाला," ती म्हणाली. "आणि माझं काय म्हणणं आहे ते तुम्ही लिहू नका. त्यांना दिसेल."

मग ती वाऱ्याच्या दिशेने, लडगेट हिलच्या बाजूला चालू लागली, कापत.